पंचामृत आणि पंच
वसंतातील लिंबूवर्गी गोडाचा एक विस्मृत इतिहास

फाल्गुन सरून चैत्र लागला, की आपल्या घरांतील पाकसिद्धीचे स्वरूप पालटते. थंडीचे तीळ-गूळ, डिंक आणि मेथी यांची जागा दही, साखर, वेलची आणि आंबट फळांचा रस घेतात. ऋतू उष्णतेकडे कलू लागलेला असतो. देहास जड अन्न नकोसे होते, परंतु सणांची दाटी असल्यामुळे गोडाचा त्यागही करवत नाही. ह्या दोहोंच्या मधली वाट म्हणजे हलके, शीतल, किंचित आंबट असे पक्वान्न. युरोपीय पाकशास्त्राने ह्याच गरजेसाठी नारिंगाच्या सालीचे सुगंधी मद्य योजिले. आपण मात्र चक्का, साखर आणि पानक ह्यांचा मार्ग धरिला. हे दोन मार्ग मुळातच वेगळे होते काय, की एकाच स्थानापासून निघून पुढे दुरावले, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करू इच्छितो.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. वडोदऱ्याच्या दक्षिणेस तरसाली म्हणून एक गाव होते. आज ते शहराचेच अंग झाले आहे. त्याच्या शेजारीच मकरपुऱ्याचा राजवाडा आहे. खंडेराव महाराजांच्या काळी तो उभा राहिला, सयाजीराव महाराजांनी तो वाढविला, आणि त्याच्या उद्यानाची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने केली. भोवताली पुढे कारखाने आले आणि कारखान्यांमागून वस्ती आली. अशा उपनगरांतून मराठी, कोंकणी व गुजराती कुटुंबे एकमेकांच्या शेजारी नांदतात आणि एकमेकांच्या वाट्या देतात-घेतात. आजच्या तरुण पिढीच्या हाती परदेशी पाककृती सहज येतात. त्यांत वसंतासाठी म्हणून सांगितलेल्या पदार्थांत नारिंगाच्या मद्याचा चमचा हटकून असतो. गुजरातेत तो चमचा कायद्याच्या कक्षेत येतो. शिवाय पाडव्याचे पक्वान्न प्रथम देवापुढे ठेवावयाचे असल्यामुळे तो आचाराच्याही कक्षेत येतो. मग त्या पदार्थास मुकावयाचे, की आपल्याच परंपरेत त्यास काही उत्तर आहे ते शोधावयाचे? आमच्या मते उत्तर आहे, आणि ते पुरातन आहे.

प्रथम फळाकडे वळू. आज आपण लिंबू, संत्रे आणि मोसंबे एवढीच नावे सहजी घेतो. परंतु प्राचीन ग्रंथांत ह्या कुळाचा मुकुटमणी मानला गेला तो मातुलुंग, म्हणजे आपले महाळुंग. चरकसंहितेच्या अन्नपानविधीत महाळुंगाचा केसर, म्हणजे आतील रसाळ भाग, लघु सांगितला असून बाकीचा भाग त्याच्या उलट म्हटला आहे. सुश्रुतही साल, मगज आणि केसर ह्या तिहींचे गुण निरनिराळे सांगतो : साल कडू व पचण्यास कठीण, मगज शीतल पण जड, केसर मात्र अग्निदीपक आणि हलका. एकाच फळाच्या अंगांचा इतका विवेक त्या काळच्या वैद्यांनी केला, तो पाकशाळेतील अनुभवावाचून झाला असेल असे वाटत नाही. वसंतात हलके काय आणि जड काय, ह्याचे बीज तेथेच आहे.

हे फळ केवळ वैद्याच्या खलबत्त्यात राहिले नाही. कोल्हापूरच्या श्रीमहालक्ष्मीच्या हातांतील आयुधे वाचकांस परिचित आहेत : महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. एका हाती लिंबूकुळातील श्रेष्ठ फळ आणि दुसऱ्या हाती पिण्याचे पात्र, अशी ती मूर्ती आहे. देवीमाहात्म्यातील महिषासुरवधाच्या प्रसंगी जगदंबा मधुपान करिते, ही कथाही सर्वश्रुत आहे. कोंकणात व गोमंतकात राखणदारास रोट आणि सोरो देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. तेव्हा आपल्या परंपरेस मद्य ठाऊकच नव्हते, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. ते ठाऊक होते. पण त्याची जागा ठरलेली होती, आणि ती जागा घरच्या नैवेद्याच्या ताटात नव्हती.

ह्या जागेचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका राजाच्या ग्रंथात मिळतो. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचिला. पाच विंशतींच्या ह्या शंभर अध्यायी ग्रंथाच्या तिसऱ्या विंशतीत अन्नभोगाचे वर्णन आहे. दही वस्त्रात बांधून त्यातील पाणी निथळू द्यावे आणि मग ते साखरेसह सिद्ध करावे, अशा शिखरिणीची माहिती त्यात येते. आपले श्रीखंड ते हेच. मद्यपानाचे प्रकरण मात्र ह्या विंशतीत नसून पाचव्या विंशतीत, क्रीडांच्या वर्णनात आहे. वनक्रीडा, जलक्रीडा, आंदोलनक्रीडा यांच्याच मालिकेत मदिरापानक्रीडा येते. राजाने मद्य वर्ज्य मानले नाही. त्याने त्यास पाकशाळेतून काढून क्रीडेत बसविले. अन्न हा भोग आणि मद्य हा खेळ, ही विभागणी आमच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

आणखी एक योगायोग वडोदरेकरांनी अभिमानाने स्मरावा असा आहे. ‘मानसोल्लास’ छापून प्रसिद्ध झाला तो ह्याच नगरीत. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ पासून गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमाला निघू लागली. तिच्यात गजानन श्रीगोंदेकर यांनी ह्या ग्रंथाचे संपादन केले. पहिला खंड १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली बाहेर पडला. अन्नभोगाचा भाग दुसऱ्या खंडात आहे, आणि १९३९ हेच महाराजांच्या निधनाचे वर्ष होय. तरसालीच्या एखाद्या घरात पाडव्याला चक्का टांगला जातो, तेव्हा आठशेहून अधिक वर्षांमागील ज्या कृतीची आवृत्ती होते, ती कृती त्याच शहराच्या ग्रंथालयात छापील स्वरूपात जपलेली आहे, ही गोष्ट थोडी नव्हे.

आता दुसऱ्या मार्गाकडे, म्हणजे मद्य आणि लिंबू यांच्या संयोगाकडे वळू. आश्चर्य असे की त्याचाही एक उगम गुजरातेतच सापडतो. सतराव्या शतकात सुरतेस इंग्रजांची वखार होती. १६३८ साली योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो हा तरुण जर्मन प्रवासी तेथे उतरला. वखारीतील इंग्रज मंडळी अरक, गुलाबजल, लिंबाचा रस आणि साखर यांचे एक पेय घेत असल्याची नोंद त्याने केली आहे. त्याच वर्षी तो सुरतेहून भडोच व वडोदरे या मार्गाने अहमदाबादेस गेला. इंग्रजी पत्रव्यवहारात ह्या पेयाचे ‘पंच’ हे नाव १६३२ पासून आढळते. १६७० च्या दशकात हिंदुस्थानात असलेल्या जॉन फ्रायर या वैद्याने ह्या नावाचा अर्थच दिला आहे : हिंदुस्थानीत पंच म्हणजे पाच, आणि पेयातील पदार्थही पाच. काही पंडित ह्या व्युत्पत्तीविषयी शंका घेतात, तरी बहुतेक कोशकारांस ती मान्य आहे. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच पदार्थ होत.

पाचांचा मेळ म्हटला की आपल्या वाचकांस दुसरेच काही आठवेल. दूध, दही, तूप, मध आणि साखर यांचे पंचामृत देवाच्या अभिषेकात नित्य असते. एकाच संख्येच्या नावाखाली दोन भिन्न पात्रे एकाच भूमीत भरली जात होती : एक देवळाच्या गाभाऱ्यात, दुसरे वखारीच्या ओसरीवर. ह्यात गोमंतकाचाही वाटा होता. १६८९ साली सुरतेस आलेल्या ऑव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने लिहिले आहे, की युरोपीय लोक पंचासाठी गोव्याचा व बंगालचा असे दोन्ही अरक वापरीत आणि त्यांत बंगालचा अधिक तीव्र असे. माडीपासून काढलेला गोव्याचा अरक अशा रीतीने जहाजांतून सुरतेस येई आणि तेथील लिंबाच्या रसात मिसळे. कोंकणी किनारा आणि गुर्जर भूमी यांचे नाते केवळ माणसांच्या स्थलांतराचे नाही. ते पेल्यातीलही आहे.

सुरतेचा हा पंच पुढे जहाजांबरोबर इंग्लंडात व अमेरिकेत गेला आणि तेथे त्याची नाना रूपे झाली. त्यांतील एक रूप आपणांस विशेष विचार करावयास लावील. अमेरिकन राष्ट्रपुरुष बेंजामिन फ्रँकलिन याने १७६३ साली एका मित्रास दुधाच्या पंचाची कृती लिहून पाठविली. चव्वेचाळीस लिंबांची साल अगदी पातळ काढून ती ब्रँडीत चोवीस तास भिजवावयाची, मग त्यात पाणी, साखर, लिंबाचा रस आणि जायफळ घालावयाचे आणि शेवटी कढत दूध ओतावयाचे. आंबटाने दूध नासते, चोथा खाली बसतो. तो गाळून टाकला की निवळ, सौम्य पेय उरते. आपल्या शिखरिणीची आणि ह्या पंचाची तुलना करून पाहावी. दोन्हीकडे दूध आंबट होऊन फुटते, दोन्हीकडे वस्त्रगाळ होते, दोन्हीकडे साखर आणि सुगंध आहे. भेद इतकाच, की तेथे पाणी ठेविले आणि चोथा टाकला; येथे पाणी निथळू दिले आणि चक्का ठेविला.

युरोपात ह्याच काळात सालीचा दुसरा एक उपयोग रूढ होत होता. नारिंगाच्या मूळ नावाचा प्रवास वाचकांस ठाऊक असेल : संस्कृत नारंग, फारशी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांजा. फळ पश्चिमेस गेले, तसे ते कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावरही पोहोचले. तेथील कोरड्या भूमीत स्पॅनिश लोकांनी लावलेली नारिंगे इतकी कडू निघाली की खाण्यास निरुपयोगी ठरली. पण त्यांची वाळविलेली साल विलक्षण सुवासिक होती. १६३४ साली बेट डचांकडे आल्यानंतर त्या सालीचे मद्य प्रसिद्धीस आले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या आंजे नगरीतील क्वांत्रो घराण्याने १८७५ च्या सुमारास आपले निर्मळ नारिंगी मद्य बाजारात आणिले. १८८० मध्ये ‘ग्रां मार्निए’ निघाले. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर लिंबाच्या सालीचे लिमोन्चेल्लो हेही असेच प्रसिद्ध आहे. आज वसंतासाठी सांगितल्या जाणाऱ्या विलायती गोडांत जो चमचाभर द्रव घातला जातो, तो ह्या घराण्याचा वारस होय.

येथे एक शास्त्रीय मुद्दा स्पष्ट केला पाहिजे, कारण सर्व चर्चेचे मर्म त्यात आहे. लिंबूकुळातील फळांचा सुवास रसात फारसा नसतो. तो सालीच्या बाहेरच्या रंगीत थरातील सूक्ष्म कोशांत तेलरूपाने असतो. हे तेल पाण्यात विरघळत नाही. ते विरघळते मद्यार्कात किंवा स्निग्ध पदार्थात. म्हणून युरोपीय पाकशास्त्राने साल मद्यात भिजविली. ह्या पदार्थात मद्याचे खरे कार्य नशा आणण्याचे नसून सुगंध वाहून नेण्याचे आहे. ते वाहन आहे, प्रवासी नव्हे. प्रवासी आहे सालीचे तेल. एकदा हे ध्यानात आले, की आपल्या चक्क्याकडे आणि तुपाकडे नव्या दृष्टीने पाहता येते. चक्क्यातील आणि सायीतील स्निग्धांश तेच वाहनाचे काम निःशब्दपणे करतो. साखरेचे खडे सालीवर घासले, तर त्यांच्या कडांनी तैलकोश फुटतात आणि तेल साखरेत मुरते. युरोपातील जुने पंच करणारेही हीच युक्ती वापरीत. अर्थात ज्यासाठी मद्य हवे असे वाटते, ते दुधाच्या घरात मद्यावाचून साधते.

आता आपल्या बाजूची परंपरा पाहू. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त लिंबाचे पानक सांगितले आहे : एक भाग लिंबाचा रस, सहा भाग साखरेचे पाणी, वर लवंग आणि मिरी. त्याच ग्रंथात कैरीचे पानक आणि दह्याची रसाला ह्यांचे जनकत्व प्रत्यक्ष भीमसेनाकडे दिले आहे. बल्लवाचा वेष घेऊन विराटाच्या पाकशाळेत राहिलेल्या त्या वीराच्या नावावर पन्हे आणि श्रीखंड यांचे पूर्वज नोंदले जावेत, हे आपल्या परंपरेला शोभणारेच आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून वैशाखातील अक्षय्य तृतीयेपर्यंत महाराष्ट्रीय स्त्रिया चैत्रगौरीचे हळदीकुंकू करितात व आल्यागेल्यास कैरीची डाळ आणि पन्हे देतात. रामनवमीस सारस्वतांच्या देवळांतून गूळ, लिंबू, वेलची व मिरी यांचे पानक प्रसाद म्हणून वाटले जाते. मांडेल्स्लोने सुरतेच्या वखारीत पाहिलेल्या पेयातून अरक वगळला, तर उरते ते ह्या पानकाचेच भावंड. कदाचित परदेशी व्यापाऱ्यांनी ह्या देशीच्या पानकातच आपला अरक ओतला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. तो सिद्ध करता येत नाही, पण पदार्थांची यादी त्यास अनुकूल आहे.

फळांची जातही ह्या इतिहासात बदलत गेली. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाबराने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानातील लिंबूवर्गी फळांची मोठी नामावळी दिली असून तीत नारिंग, लिंबू, तुरंज यांच्याबरोबर संगतऱ्याचे नावही आहे. तेव्हा संत्रे हे फळ येथे पोर्तुगीजांमुळेच आले, ही समजूत जपून स्वीकारावी लागते. मोसंबीचे नाव मात्र मोझांबिकच्या किनाऱ्याशी जोडले जाते. नागपुरी संत्र्याची लागवड भोसल्यांच्या काळी औरंगाबादेहून आली, असे परंपरा सांगते. ह्या संत्र्यास २०१४ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. त्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या आरंभी येतात, तर मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन वसंताच्या उंबरठ्यावर. पाडव्याच्या ताटात संत्रे यावे, अशी जणू निसर्गाचीच योजना आहे.

ह्या पार्श्वभूमीवर वडोदऱ्याची स्थिती ध्यानात घेऊ. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा संमत झाला. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य स्थापन झाले तेव्हा बंदी त्यास वारशाने आली आणि परवान्यांचे अपवाद वगळता ती आजही चालू आहे. २०२३ च्या अखेरीस गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीपुरती काही सवलत दिली गेली, एवढेच. इकडे गोमंतकात ह्याच दिवसांत काजूचा बहार असतो, हुर्राक निघते आणि लोक त्यात लिंबू पिळून ती घेतात. फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. एकाच भाषाकुळाची, एकाच कुलदेवतांची माणसे एका ठिकाणी लिंबू हुर्राकेत पिळतात आणि दुसऱ्या ठिकाणी पानकात. ह्यावरून कोणी श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरवू नये. परंतु वडोदऱ्याच्या गृहिणीस कायद्यामुळे काही उणे पडले, अशी भावना असेल तर ती मात्र दूर व्हावी. कायदा १९४९ चा आहे. तिच्या चक्क्याची परंपरा निदान सोमेश्वराइतकी जुनी आहे. बंदीने तिच्यावर काही लादले नाही. जे घरच्या ताटाने पूर्वीच ठरविले होते, त्यास राज्याचा कायदा नंतर येऊन मिळाला.

केवळ तत्त्वचर्चेने पक्वान्न सिद्ध होत नाही, म्हणून कृतीचेही चार शब्द लिहितो. निर्लेप दूध नको. सायीच्या दुधाचे ताजे, गोड दही घ्यावे आणि ते मलमलीच्या फडक्यात आठ-दहा तास थंड जागी टांगावे. दोन संत्री धुऊन, पुसून, खडीसाखरेचे खडे त्यांच्या सालीवर हलक्या हाताने घासावेत. खडे पिवळसर व सुवासिक झाले म्हणजे पुरे. आतील पांढरा थर लागू देऊ नये, कारण कडवटपणा तेथे असतो. ही साखर कुटून, साधी साखर मिसळून, एकंदर चक्क्याच्या तीन-चतुर्थांश वजनाची करावी आणि दोन्ही एकत्र करून दोन-तीन तास झाकून ठेवावे. एवढ्यात सालीचे तेल चक्क्याच्या स्निग्धांशात उतरते. मग पुरणयंत्रातून किंवा फडक्यातून फेटून काढावे. केशर घालावयाचे असल्यास अगदी अल्प, कारण ते नारिंगाचा वास झाकते. रस मुळीच घालू नये, त्याने श्रीखंड पातळ होते. संत्र्याच्या फोडी साल-पापुद्रा काढून वाढावयाच्या वेळीच वर मांडाव्यात. सोलून ठेवलेले फळ वेळ गेला की कडू होते. बासुंदी करावयाची असल्यास ती पूर्ण निवल्यावरच फोडी सोडाव्यात, नाही तर दूध फाटेल. वैद्यकात रसाला गुरूच मानली आहे, हे विसरू नये. म्हणून वाटी लहान असावी आणि सोबत लिंबाचे पानक असावे. हलकेपणा पदार्थात जितका, तितकाच वाढणाऱ्याच्या हातातही असतो.

महाळुंगाचे झाड आता परसात क्वचितच दिसते. त्याचा उपयोग जाणणारी पिढीही ओसरत आहे. ज्यांच्या घरी अंगण आहे, त्यांनी एक झाड लावावे, अशी आमची सूचना आहे. त्याची साल पाकात मुरवून ठेवली तर वर्षभर पुरते, आणि श्रीमहालक्ष्मीच्या हातातील ते फळ मुलांस प्रत्यक्ष दाखविता येते. सोमेश्वराने मद्यास क्रीडेत आणि दह्यास भोगात जागा दिली. वखारीच्या पेल्यातील पाच पदार्थ जग फिरून आले, अभिषेकाच्या पंचपात्रीतील पाच मात्र आपल्या जागी राहिले. संवसार पाडव्याच्या दिवशी कोंकणी घरात आणि गुढी उभारलेल्या मराठी घरात जी वाटी देवापुढे ठेवली जाईल, तिच्यात नारिंगाचा सुवास अवश्य असावा. तो सुवास आणावयास परकी बाटली लागत नाही. खडीसाखरेचा एक खडा आणि स्थिर हात पुरेसा आहे.